खाट परत करण्याबाबत

१ फेब्रुवारी

लेकीनं ही डायरी टपालानं धाडली. सोबत चिठ्ठी, 'आई, बोलायला कुणी नसलं की यात लिहीत जा.' बोलायला कुणी नाही असं मी तिला कधी म्हटलं? जन्मभर बसस्थानकाच्या माइकपुढे बोलले, आता घशाला जरा सुट्टी दिली आहे, एवढंच. पण जानेवारी कोरा गेला आणि कोरी पानं बघवत नाहीत, म्हणून सुरुवात करते.

आज भिशीची चिठ्ठी निघाली. आमची भिशी जरा तऱ्हेवाईक आहे. दर महिन्याला सगळ्याजणी सारखे पैसे टाकतो, पण चिठ्ठीवर आमची नावं नसतात, गावातल्या लहानसहान संस्थांची असतात. जिचं नाव निघेल तिला वर्षाची सगळी भिशी. वर नियम असा की पैसे देऊन हात झटकायचे नाहीत. जिला जे येतं ते तिनं तिथे जाऊन करायचं. शिंपिणीनं शिवायचं, हिशेबवालीनं हिशेब बघायचा. हा नियम खिडकीचा. खिडकी म्हणजे माझी नोकरीतली मैत्रीण. तिकिटाच्या खिडकीत बसायची, तेव्हापासून सगळं आगार तिला खिडकीच म्हणतं. तोंड मात्र दरवाजाएवढं आहे.

यंदा नाव निघालं सिस्टरांच्या केंद्राचं. एका जुन्या गॅरेजात चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या आणि हँडल फिरवलं की डोक्याकडून वर होणाऱ्या खाटा ठेवल्या आहेत. घरी कुणी आजारी पडलं की न्यायचं, गरज संपली की परत द्यायचं. भाडं नाही. आमच्या आतल्या खोलीतली खाट तिथलीच. ह्यांच्यासाठी आणली होती. हे गेले ऑक्टोबरात.

खाट द्यायचीच आहे. देणार नाही असं थोडंच आहे? पण जिना अरुंद, खाट जड, एकटी बाई काय काय उचलणार? शिवाय तिचं हँडल अडतं. दुसऱ्याची वस्तू मोडकी परत करणं माझ्या स्वभावात बसत नाही.

"तुला काय येतं गं?" खिडकीनं सगळ्यांसमोर विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "आवाज. तू आवाज दे." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येताना वाटलं, आवाज देणं आणि आवाज असणं यात फरक आहे. हे मी का लिहिलं, ठाऊक नाही.

४ फेब्रुवारी

केंद्रात गेले. गॅरेजच्या शटरशी सिस्टर एका खुर्चीच्या चाकात तेल सोडत बसल्या होत्या. हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, केस बारीक कापलेले. माझ्याकडे बघितलं, हात पुसले. "आलात? बसा," म्हणाल्या. खाटेचं नाव नाही. मी दोनदा खोकले, तरी नाही. एवढ्या वस्तू, एवढी माणसं, त्यांच्या ध्यानात कुठून राहणार? मला हायसं वाटलं.

मी ज्या खुर्चीवर बसले होते ती कमोडची खुर्ची होती हे मला चहा संपल्यावर कळलं. ह्यांना सांगितलं असतं तर आठवडाभर पुरलं असतं.

खाट एकही नव्हती. भिंतीला लागून नुसती जागा होती, फरशी तिथे जरा उजळ. मी विचारलं, "सगळ्या बाहेर?"

"बाहेर आहेत. काही वर्षानुवर्षं."

"मग मागवून घेत नाही का?"

सिस्टर तेलाची बाटली बंद करत म्हणाल्या, "ज्या घरातून माणूस गेलं, त्या घरातून मी काही मागत नाही. आपणहून आणून देतात तेव्हा देतात."

मला ते पटलं नाही. मी बसस्थानकातली बाई. आत आलेली गाडी वेळ झाली की बाहेर पडली पाहिजे, नाहीतर मागच्या गाडीला फलाट मिळत नाही. हे मी त्यांना सांगितलंही. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

मी असतानाच एक गृहस्थ आले. बोटांना शाई, पाठ वाकलेली. समोरच्या गल्लीत त्यांचा छापखाना आहे. बायको पडली, कंबरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता घरी जमिनीवर गादी घालून ठेवली आहे. "हिला उठवून बसवायला गेलो की माझीच पाठ धरते. मग दोघंही तिथेच," असं म्हणून ते हसले. खाट आली की कळवू, असं सिस्टरांनी सांगितलं. जाताना त्यांनी मला विचारलं, "ताई, तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय." सगळे हेच विचारतात. चेहरा कुणाच्याच लक्षात नसतो.

९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, ती खाट दिलीस का?" दिली म्हणाले. आठवडाभरात द्यायचीच आहे, मग आत्ता म्हटलं तर काय बिघडलं? "मग खोली रिकामी झाली असेल," म्हणाली. हो म्हणाले. "भकास वाटतं का गं?" छे, म्हटलं, उलट ऐसपैस वाटते.

१५ फेब्रुवारी

केंद्रात भिशीची बैठक झाली. सगळ्याजणी चाकाच्या खुर्च्यांवर बसलो होतो, कारण दुसऱ्या खुर्च्याच नव्हत्या. शिंपीण बोलता बोलता मागे सरकत गेली आणि शटरला धडकली.

खिडकीचं म्हणणं, भिशीच्या पैशातून नव्या खाटा घेऊ. हिशेबवाली म्हणाली, नव्या घेतल्या तर त्याही जुन्यांच्याच वाटेनं जातील. आधी गेलेल्या परत यायची सोय करा, सामान आणायला एक टेम्पो ठरवा, मोडलेलं दुरुस्त करून घ्या. माझं तिच्याशी फारसं जमत नाही, पण बोलली नेमकं. मग आमच्यातली संगणकवाली म्हणाली की वस्तू नेताना लोकांनी दिलेले जुने सगळे नंबर एकदा भरले की फोन आपोआप लागतील, निरोप वाजेल. पोरगी हुशार आहे. मला मावशी म्हणते. निरोप कुणाच्या आवाजात, हे विचारायचं कारणच नव्हतं. सगळ्या माझ्याकडे वळल्या.

सिस्टर म्हणाल्या, "आणि घरात कुणी रडत बसलं असलं तर?"

मी म्हणाले, "सिस्टर, चार महिने, सहा महिने कुणी रडत बसत नाही. लोक विसरतात, आळस करतात. वस्तू अडकून राहते आणि तिकडे एखादी बाई जमिनीवर पडून राहते." माझा आवाज जरा चढला. माइक नसला की मला अंदाज राहत नाही.

सिस्टर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता खाटेचं काढतात. पण म्हणाल्या, "करा. तुम्ही सगळ्या शहाण्या आहात. फक्त तो निरोप मला ऐकवू नका."

बैठक सुटल्यावर खिडकी माझ्याबरोबर माझ्या घराच्या दारापर्यंत आली. आत ये म्हणेन म्हणून थांबली असावी. मी म्हणाले, पसारा आहे. "तुझ्या घरात पसारा?" म्हणाली आणि गेली.

१८ फेब्रुवारी

संगणकवालीच्या घरी निरोप रेकॉर्ड केला. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून तिनं मला कपाटापुढे बसवलं आणि डोक्यावरून ब्लँकेट घातलं. या वयात ब्लँकेटखाली बसून बोलायची पाळी आली. पण एका दमात झालं. "मावशी, काय सुरेख बोलता हो," म्हणाली. मजकूर माझाच. इथे उतरवून ठेवते.

'नमस्कार. हा निरोप रुग्णसाहित्य केंद्राकडून आहे. आपण नेलेली वस्तू अद्याप जमा झालेली नाही. आपले काम झाले असल्यास ती त्वरित परत करावी. इतर रुग्ण प्रतीक्षेत आहेत. धन्यवाद.'

फाफटपसारा नाही, आर्जव नाही, दरडावणी नाही. 'प्रतीक्षेत' हा शब्द हल्ली नीट म्हणतंय कोण?

ह्यांना माझा आवाज फार आवडायचा. हे चालक होते. ह्यांची गाडी मीच फलाटावर बोलवायची. मी माइकवरून गाडीचं नाव घेतलं की हे आपल्या जागेवरूनच ओरडायचे, "आलो, आलो!" मला काचेच्या खोलीत काही ऐकू यायचं नाही, लोक मला येऊन सांगायचे. लग्नाआधीची गोष्ट आहे. नंतरही ओरडायचेच.

२२ फेब्रुवारी

छापखानेवाले पुन्हा आले. सिस्टर बँकेत गेल्या होत्या, मी एकटीच होते. "काही आलं का?" म्हणाले. मी म्हणाले, "खाट नाही."

बसले थोडा वेळ. बायको दिवसभर छताकडे बघत पडून असते म्हणाले. पंख्याला कुठे गंज चढलाय, ते तिला पाठ झालंय. उशा रचून बसवतो, पण घसरते. मी त्यांना पाणी दिलं.

आता आमची खाट त्यांच्या कामाची आहे का, याचाही मी नीट विचार केला. हँडल अडतं. अर्धा फेरा उलटा घेतला की मग पुढे जातं, ही खुबी फक्त ह्यांना आणि मला ठाऊक होती. नवख्या माणसानं जोर लावला तर बाईला हिसका बसायचा, मोडलेलं हाड आहे. तशी धोक्याची वस्तू देणं बरं नव्हे. दुरुस्तीवाला बघायला हवा. निरोपांचे फोन सुरू झाले की चांगल्या खाटा येतीलच.

जेवण गेलं नाही आज. ऊन बाधलं असावं.

२७ फेब्रुवारी

आतली खोली झाडली. खाटेवरची चादर बदलली, धूळ बसते म्हणून. ह्यांचा फोन उशीशी असतो, तो चार्ज केला. बॅटरी पार उतरली की फोन खराब होतात म्हणे. त्याची घंटा नीट वाजते का बघायला माझ्या फोनवरून एकदा लावला. ह्यांनी घंटा म्हणून गाडीचा भोंगा लावून ठेवला आहे, दोन वेळा पों पों. वाजते नीट.

३ मार्च

परवापासून निरोप जायला लागले आणि गॅरेज भरायला लागलं! कुबड्या, वॉकर, दोन चाकाच्या खुर्च्या. शिंपिणीनं खुर्च्यांच्या सगळ्या गाद्यांना नवी कव्हरं शिवली, तिच्या सुतार नवऱ्यानं डुगडुगणारे पाय बसवले. हिशेबवालीनं काय आलं, कुठे गेलं हे असं लावून दिलंय की कुणीही बघून सांगावं. खाट मात्र अजून एकही नाही.

दुपारी एक माणूस आला. खुर्ची टेम्पोतून काढून शटरपुढे आदळली. "कोण ती फोनवरची बाई?" म्हणाला. सिस्टर पुढे झाल्या. "तिला सांगा, आईच्या नंबरवर फोन केलात तुम्ही. आईच्या! 'आपले काम झाले असल्यास' म्हणे. झालं बरं का काम. झालं आईचं काम." त्याचा आवाज फाटला. सिस्टरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो तिथेच पायरीवर बसला.

मी आत वॉकरांच्या मागे उभी होते. पुढे झाले नाही. मजकुरात चुकीचं काय होतं? 'झाले असल्यास' म्हटलंय. 'असल्यास'! इतक्या मऊपणानं मी आयुष्यात कुणाला काही सांगितलं नसेल. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

सिस्टर मला काही बोलल्या नाहीत. त्यांचं हे न बोलणं मला आताशा सोसत नाही.

५ मार्च

दुपारी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. आतून भोंगा वाजला, पों पों.

मी ओरडले, "अहो, फोन!"

हात ओले, नळ चालू. पुन्हा पों पों. "अहो, घ्या ना, हाताला साबण आहे माझ्या!" एवढं सगळं म्हणून झालं माझं. मग नळ बंद केला.

आत गेले. फोन उशीशी वाजत होता. घेतला, कानाला लावला.

'नमस्कार,' मी म्हणाले. म्हणजे मी नाही, फोनमधली मी. 'हा निरोप रुग्णसाहित्य केंद्राकडून आहे.'

बसस्थानकावर स्वतःचा आवाज रोज ऐकला. पण तो सगळ्यांसाठी असायचा. हा एका माणसासाठी होता आणि तो माणूस खाटेवर नव्हता. 'आपले काम झाले असल्यास.' केवढी थंड बाई आहे ही. कुठे बसून बोलते आहे? हिच्या घरी कुणी गेलं नाही का कधी?

'धन्यवाद' झालं, फोन बंद झाला. मी खाटेवर बसले. ह्यांच्यामागे पहिल्यांदाच बसले. इतके दिवस चादर बदलली, पण टेकले नव्हते.

६ मार्च

दिवसभर अंथरुणात होते. माझ्या. ह्यांच्या खोलीचं दार लावून घेतलंय. खिडकीनं बाहेरून बेल वाजवली, मी दार उघडलं नाही. मला ह्यांची फार आठवण येते. लेकी, घे, लिहिलं. बोलायला कुणी नाही.

९ मार्च

सिस्टरांकडे गेले. त्या गॅरेज उघडत होत्या. शटर वर जायच्या आतच मी म्हणाले, "हँडलवाली एक खाट माझ्याकडे आहे."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "मीच नव्हती का बसवून दिली, तुमच्या आतल्या खोलीत? तुमचे मिस्टर मला म्हणाले होते, सिस्टर, ही चालकाची सीट झाली, आता फक्त स्टिअरिंग द्या."

मी ते विसरले होते. कशी विसरले? मग मला रडू आलं, रस्त्यातच. अर्धवट उघडलेल्या शटरखाली वाकून आम्ही आत गेलो आणि मी त्याच कमोडच्या खुर्चीवर बसून पोटभर रडले.

"मग मागितली का नाहीत?" मी म्हणाले. "त्या दिवशी बैठकीत मी एवढं तोंड वाजवलं तेव्हा तरी म्हणायचं होतं, आधी स्वतःच्या घरातली द्या."

"म्हणवलं नाही." त्या खाली बघत होत्या. "मला मागता येत नाही हो. हॉस्पिटलात माणूस गेलं की तासाभरात खाट मोकळी करून घ्यायची, ते माझं काम होतं. नातेवाईक उभे असायचे आणि मी चादर ओढायची. तेव्हाच ठरवलं, आपलं काही निघालं तर असं करायचं नाही. पण तो छापखानेवाला आला की मलाही रात्री झोप लागत नाही. तुमचा फोन वाईट आणि माझं गप्प बसणंही वाईटच."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मी म्हणाले, "लोक आळस करत नाहीत, सिस्टर. खाट काढली की तिथे काय ठेवायचं ते कळत नाही. आणि एकटीनं निघत नाही ती. माझ्याच्यानं तरी नाही निघणार. कुणी येईल का न्यायला?"

"तुम्ही एवढंच म्हणायचं होतं," सिस्टर म्हणाल्या आणि फोन घेऊन खिडकीला लावला.

११ मार्च

सगळ्या आल्या. खिडकी, शिंपीण, तिचा सुतार, सिस्टर पाना घेऊन. ऑक्टोबरानंतर माझ्या घरात पहिल्यांदा एवढ्या चपला. खिडकी आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबली, खाटेकडे बघितलं, उशीशी फोन बघितला. एरवी तिचं तोंड मिटत नाही. आज मिटलं. मग माझा हात धरून म्हणाली, "चहा टाक. आम्ही घाई करणार नाही."

त्यांनी खरंच घाई केली नाही. आधी सगळे खोलीत बसून चहा प्यायले, खाटेवरसुद्धा. शिंपिणीनं ह्यांचं विचारलं, मी सांगितलं. शेवटच्या थांब्यावर पोचले की हे रोज फोन करायचे आणि रोज एकच प्रश्न, 'जेवलीस का?' मी वैतागायचे, दुसरं काही सुचत नाही का तुम्हाला? सुतार म्हणाला, "पुरुषाला नाहीच सुचत." शिंपीण म्हणाली, "तुम्हाला तर तेवढंही सुचत नाही." हसलो सगळे. त्या खोलीत.

मग त्यांनी खाट उकलली. जिना अरुंद आहे हे माझं खोटं नव्हतं. सुताराचा कोपर सोलला. मी ह्यांचा फोन पदरात धरून पुढे पुढे उतरत होते आणि ओरडत होते, "डावीकडे घ्या, सावकाश, मागे भिंत आहे!" खालचे सगळे शेजारी बाहेर आले. आवाज काही गेलेला नाही माझा.

टेम्पोत मीही बसले. छापखानेवाल्यांच्या घरी खाट लावली, बाईंना चौघांनी उचलून वर ठेवलं. हँडलपाशी मी गेले. अर्धा फेरा उलटा, मग पुढे. छापखानेवाल्यांना दाखवलं, त्यांच्याकडून करून घेतलं. बाई हळूहळू वर आल्या. छत सुटलं, भिंत आली, भिंतीतली खिडकी आली. त्या बाहेर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, समोरच्यांनी घराला रंग कधी दिला?"

"झाला की महिना," ते म्हणाले.

"मला सांगितलं नाहीत!" आणि त्या नवऱ्यावर अशा काही रागावल्या की आम्ही तिथून काढता पाय घेतला.

घरी आले. आतल्या खोलीत फरशीवर चार पायांचे चार डाग. खोली ऐसपैस नाही वाटत. भकास वाटते. लेकीला फोन करून सांगितलं, खाट आज दिली, आधी खोटं बोलले. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं गं." सगळ्यांनाच सगळं ठाऊक होतं म्हणायचं. वाजणारी मी एकटीच.

१७ मार्च

नवे निरोप रेकॉर्ड केले. पुन्हा ब्लँकेट. आता दोन आहेत. पहिला खाट परत यायच्या आधीचा: 'घाई नाही. तुम्ही म्हणाल त्या दिवशी आम्ही दोघी-तिघी येऊ, बसू, मग घेऊन जाऊ.' दुसरा, वस्तू परत आल्यावर काही दिवसांनी जाणारा: 'खोली आता रिकामी वाटत असेल. जेवलात का? कुणाशी बोलावंसं वाटलं तर एक दाबा.'

'जेवलात का' वरून हिशेबवालीशी वाजलं. संस्थेच्या निरोपात हे शोभत नाही म्हणाली. मी म्हणाले, ते काढायचं असेल तर दुसरा आवाज बघा. राहिलं.

एक दाबलं की फोन आमच्यापैकी जिची पाळी असेल तिला येणार. पाळ्या लावल्या आहेत. संगणकवाली म्हणाली, "समोरच्याचा नंबर तुमच्या फोनवर दिसेल, मावशी. ओळखीचा असेल तर नावही." मग जरा घुटमळत म्हणाली, "काकांचा नंबर काढून टाकू का आता? मला तेव्हा कळलंच नाही की..." मी म्हणाले, असू दे, काढ सावकाश.

टेम्पोवाला आठवड्यातून एकदा येतो. आणखी दोन खाटा आल्या. न्यायला गेलो तेव्हा एका घरी आजोबांनी आम्हाला सगळा अल्बम दाखवला. तिसऱ्या एका घरी बाई म्हणाली, तुम्ही पंधरा दिवसांनी या. बरं म्हटलं. सिस्टरांनी आज स्वतः एका घरी फोन लावला आणि मागितलं. घाम फुटला होता त्यांना.

२६ मार्च

आज माझी पाळी होती, तिन्हीसांजेपर्यंत. कुणाचाच फोन आला नाही. माणसं बरी असावीत.

उन्हं कलली. केंद्रातून आले तशीच आतल्या खोलीत जाऊन जमिनीवर बसले. तिथे अजून काही ठेवलेलं नाही. ह्यांचा फोन हल्ली खिडकीच्या कठड्यावर असतो. तो वाजला. पों पों.

या वेळी मी ओरडले नाही. उठून घेतला.

फोनमधली मी आता बरी बोलते. माणसात आली आहे. 'खोली आता रिकामी वाटत असेल,' ती म्हणाली. वाटते, मी म्हणाले. 'जेवलात का?' मी काही बोलले नाही. 'कुणाशी बोलावंसं वाटलं तर एक दाबा.'

मी एक दाबलं. विचार करून नाही दाबलं. बोलावंसं वाटलं म्हणून दाबलं.

दाराजवळच्या पिशवीत माझा फोन वाजायला लागला.

आज पाळी माझीच, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. एक फोन कानाला धरून पिशवीपाशी गेले, दुसरा बाहेर काढला. पडद्यावर नाव होतं, मी पहिल्यापासून ठेवलेलं. 'हे'.

ऑक्टोबरानंतर पहिल्यांदा त्या नावाचा फोन येत होता. मी तो वाजू दिला. पुष्कळ वाजू दिला. बंद पडेल अशी भीती वाटली तेव्हा घेतला.

दोन्ही कानांत माझाच श्वास होता. कुणी काही विचारलं नाही. तरी मी म्हणाले, "नाही अजून. आत्ताच आले. आता जेवते."

मग दोन्ही फोन ठेवले आणि स्वयंपाकघरात गेले.